झोझानची कुरमांजी

हेमिन आमच्या शेजारी राहायला आला तो २००१च्या उन्हाळ्यात. अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातच गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो ड्राफ्ट्समन होता. सोबत बायको झोझान आणि तीन वर्षांची शिलान. नवरा-बायको दोघंही कुर्द, पण तो इराकमधल्या सुलेमानियाचा आणि ती तुर्कस्तानातल्या दियारबाकिरची. त्याची बोली सोरानी, तिची कुरमांजी. साधा 'मी' म्हणायचा तरी तो 'मिन' म्हणे, ती 'एझ'. लिपीही निराळी. त्यामुळे आपसात ती दोघं बहुतेक इंग्लिशच बोलत. मुलीशी मात्र झोझान कुरमांजीशिवाय बोलत नसे. लहानपणी शाळेत त्या भाषेतला शब्द तोंडून निघाला की तिच्या हातावर पट्टी बसायची, असं तिनंच मला सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात ती कॅन्सरनं गेली. निदान झाल्यापासून चार महिने मिळाले.

जानेवारीतल्या एका सकाळी हेमिन शिलानला डेकेअरला सोडायला निघाला होता. ती कोट धरून दारात उभी राहिली आणि 'बिश्कोक, बिश्कोक' म्हणू लागली. त्याला कळेना. त्यानं बूट दाखवले, टोपी दाखवली. ती रडली, मग गप्प झाली. तो शब्द तिनं पुन्हा कधी उच्चारला नाही.

त्या रविवारी त्यानं फोन कार्ड आणून दियारबाकिरला सासूला फोन लावला. बिश्कोक म्हणजे बटण.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो सासूकडून कुरमांजी शिकू लागला. ती बाई कधी शाळेत गेलेली नव्हती. ती बोलायची, तो आपल्या लिपीत वहीत उतरवून घ्यायचा आणि आठवडाभर ते शिलानशी बोलायचा. कुरमांजीत आपल्या मराठीसारखं शब्दांना लिंग असतं, सोरानीत नसतं. हेमिन तिथे हमखास चुकायचा, आणि पोरगी त्याच्या चुकांसकट शिकत गेली. माझी लेक अबोली माझ्या मराठीला इंग्लिशमध्ये उत्तरं देत असे. त्याच्याकडे बघून मला लाज वाटायची.

शिलान सात वर्षांची झाल्यावर त्यानं पहिल्यांदा तिला आजीशी एकटीनं बोलू दिलं. ती शाळेबद्दल, बर्फाबद्दल पाच-सात मिनिटं बोलली. मग आजीनं फोन हेमिनला द्यायला सांगितलं.

"शब्द माझ्या लेकीचे आहेत," ती म्हणाली, "पण बोलतोयस तूच."

हे त्यानं मला ड्राइव्हवेवरचा बर्फ काढता काढता सांगितलं. म्हातारीनं लेकीचा आवाज ऐकायला कान लावले होते, असं म्हणाला आणि फावडं चालवत राहिला. २००७च्या वसंतात ती वारली. चुका सुधारणारं आता कोणी उरलं नाही.

सुलेमानियात त्याची स्वतःची आईही होती. पुढच्या वर्षी ईदला तिचा फोन आला तेव्हा मी शीरखुर्मा घेऊन त्याच्याकडे गेले होते. शिलान या आजीशीही कुरमांजीत बोलली. आजीला काही कळेना, ती पुन्हा पुन्हा विचारत होती. शेवटी हेमिननं फोन घेतला. लेकीचं कुर्दी आपल्या आईला कुर्दीत समजावून सांगताना त्याचा चेहरा पाहवेना.

नंतर मी विचारलं, "तुझी भाषा का नाही शिकवलीस रे तिला?"

"मी होतो ना," तो म्हणाला. "वाटलं, माझी कधीही शिकवता येईल. आधी झोझानची जायला नको."

त्यानं शिलानला जवळ बोलावलं आणि आता रोज थोडी सोरानी शिकू या का, असं विचारलं. ती दहा वर्षांची होती, स्विमिंगची बॅग खांद्यावर घेऊन उभी होती.

"Baba, one is enough," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, किल्ल्या उचलल्या आणि तिला प्रॅक्टिसला घेऊन गेला.