रिंगा झिजल्या पाहिजेत

डॉ. संघमित्रा मॅडम यंदा साठ वर्षांच्या झाल्या. त्यानिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या गुरुजनांनी लिहिलं आहे, सहकाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी लिहिलं आहे. मी यांतला कुणीच नाही. मी त्यांचा रुग्ण. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, कन्नडच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात माझा जन्म गेला. ‘शनिवारी दवाखान्यात हमखास दिसणारा म्हातारा’ म्हणून संपादक मंडळींनी मला गाठलं आणि आदरानं, रीतसर लिहा, असं बजावलं. प्रयत्न करतो. मध्येच स्टँडवरची भाषा आली तर चालवून घ्यावी.

मॅडमची आणि माझी पहिली भेट म्हणजे भांडणच. त्याआधीचं थोडं सांगावं लागेल. माझी जुनी कवळी ढिली झाली होती. हिरडी बसत गेली तशी ती तोंडात खुळखुळायची. पुतण्याच्या लग्नात पंगतीला बसलो होतो, शेजारचा काहीतरी चावट बोलला, मी खदखदून हसलो आणि खालची कवळी थेट वरणात! पंगत लोटपोट झाली. मीही हसलो. पण त्यानंतर मी कुणाच्या लग्नाला गेलो नाही, बारशाला नाही, तेराव्यालासुद्धा नाही. घरी आमची मंडळी भाकरी दुधात कुस्करून ताट समोर ठेवायची आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहायची. बोलायची नाही फारसं, नुसती बसायची. ती गेली. मग कुस्करणारं कुणी उरलं नाही आणि बसणारंही.

बंगळुरूच्या मुलानं फोनवर धोशा लावला, “बाबा, इम्प्लांटवरचे दात बसवून घ्या.” म्हणून पुंडलिकनगरातल्या घरातून चालत मॅडमच्या दवाखान्यात गेलो. मी रामराम घातला, त्यांनी हसून जय भीम केला. तोंड तपासलं, एक्स-रे पाहिला, साखर विचारली, तंबाखू विचारली. आणि मग म्हणाल्या, “जेवता कुणाबरोबर?”

मी तडकलो. “तुम्ही दातांच्या डॉक्टर का सोयरिकी जुळवणाऱ्या?”

“सगळ्यांनाच विचारते,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “तंबाखू सोडून या. मग बघू.”

“आन् नाय सुटली तर?”

“तर इम्प्लांटचे स्क्रू हाडात धरणार नाहीत. मग मला नावं ठेवायची नाहीत.”

चाळीस वर्षांची तंबाखू त्या बाईंच्या एका वाक्यानं सुटली, असं लिहिलं तर अंकाला शोभेल, पण ते खरं नाही. लई तळमळून सुटली. आणि ती सुटेपर्यंत त्यांनी माझ्या तोंडात सुईसुद्धा घातली नाही.

त्यांच्या कामाची पद्धत अशी. घाई नाही, गोड बोलणं नाही. खालच्या जबड्यात स्क्रू बसवल्यावर हाडानं ते घट्ट धरावेत म्हणून त्यांनी मला काही महिने नुसतं थांबवून ठेवलं. मी जाऊन कटकट करायचो, “मॅडम, गाडी कधी लागणार?” त्या म्हणायच्या, “कंट्रोलर साहेब, फलाटाला गाडी लागल्याशिवाय तुम्ही प्रवासी चढवत होतात का?” आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो होतो.

शेवटी कवळी आली. हिरडीतून वर आलेल्या छोट्या खुंट्या, आणि कवळीच्या आतल्या अंगाला त्यांवर बसणाऱ्या रबराच्या रिंगा. दाबली की टक्! मग हसा, शिंका, काय वाटेल ते करा, हलायची नाही. ती कशी सांभाळायची हे मॅडमनी तोंडी सांगितलं नाही, बेसिनसमोर उभं करून करवून घेतलं. झोपताना काढायची. मऊ ब्रशनं, साध्या साबणाच्या पाण्यानं धुवायची, पेस्टनं घासायची नाही, चरे पडतात. गार पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात वाकडी होते. खुंट्यांभोवतीची हिरडी रोज हलक्या हातानं साफ करायची. माझे हात थरथरतात, कवळी दोनदा बेसिनात पडली. बाहेर माणसं खोळंबली होती. तरी मॅडम म्हणाल्या, “पुन्हा करा. घरी मी नाही येणार.”

वर्ष झालं. तपासणीला गेलो. मॅडमनी कवळी हातात घेतली, उलटी केली, एक रिंग काढून खिडकीच्या उजेडात धरली.

“रोज घालता?”

“व्हय. रोज.”

“नाही घालत,” त्या म्हणाल्या. “रिंगा जशाच्या तशा आहेत. वर्षात ढिल्या व्हायला पाहिजेत, बदलाव्या लागतात. आणि कवळीला हळदीचा डागसुद्धा नाही.”

चोरी पकडली गेली. खरंच होतं ते. कशाला घालायची? दुधात पोळी भिजवायची आणि गिळायची. एवढ्यासाठी कोण ते टक् करत बसतो? एवढा घाट घालून बसवलेले दात डबीत पडून होते, आणि तपासणीच्या दिवशी मी ते घालून आलो होतो.

मला वाटलं, आता हजेरी घेतात. पण मॅडम स्टूल ओढून बसल्या आणि आपल्या वडिलांचं सांगू लागल्या. दादा पाचोडला एकटे राहायचे. आई गेल्यावर मॅडमनी स्वतःच्या हातानं त्यांची कवळी केली. नवीन डॉक्टर, पहिलीच कवळी, तीही दादांची. दर भेटीत दादा दात दाखवून हसायचे, “मस्त बसल्यात गं!” दादा गेले. सामान आवरताना डबीत कवळी सापडली. आतून बाहेरून कोरी, केली त्या दिवशी होती तशी. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “फाटकात तुझ्या चपला वाजल्या की घालायचे गं. एरवी चहात भाकरी बुडवून खायचे.”

“तेव्हापासून विचारते,” मॅडम म्हणाल्या. “दात मी देते. पण एकटं माणूस ते डबीत ठेवतं.”

आमचे वडील मेंढरांमागं रानोमाळ हिंडले. पण तेसुद्धा कुत्र्याला तुकडा टाकल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत, आणि त्याला जेवणातली सोबत म्हणायचे. मला तेवढीही नव्हती. ते मी त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कुणाला तरी बोलून दाखवलं.

मॅडम उठल्या. “शनिवारी दुपारी दवाखाना बंद करते तेव्हा या. डबा घेऊन.”

“मला सैपाक येत नाय.”

“शेंगदाणे भाजता येतात ना? तेवढे आणा. उपकार नाही करत तुमच्यावर. माझे मिस्टर गेल्यापासून मलाही एकटीला जेवण जात नाही.”

पहिल्या शनिवारी त्यांनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. माझा हात आपसूक भाकरी कुस्करू लागला. “कुस्करू नका,” मॅडम म्हणाल्या. “तोडा आणि चावा.” मी तोडली, चावली. कडेचा कडक पापुद्रा दाताखाली कुरकुरला आणि मला आमची मंडळी आठवली. तिला माझं हे चावणं बघायलाच मिळालं नाही. मी भाकरी खात खात रडलो. मॅडमनी पाण्याचा तांब्या सरकवला आणि त्या जेवत राहिल्या. समजूत घातली असती तर मी पुन्हा गेलो नसतो.

तेव्हापासून शनिवार चुकला नाही. आम्ही फार बोलत नाही. कधी त्या माझे शेंगदाणे करपले म्हणून टोमणा मारतात, कधी मी त्यांच्या भाजीत मीठ कमी म्हणतो. मागच्या तपासणीत त्यांनी पुन्हा रिंग उजेडात धरली आणि ओरडल्या, “पार झिजली की हो!” एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. पोर पास झाल्यासारखा.

आता या सोहळ्यानंतर मॅडम दवाखाना दुसऱ्यांच्या हाती देऊन नागपूरला लेकीकडे जाणार आहेत. जावंच त्यांनी, लेकीजवळ असावं. पण खोटं कशाला लिहू, त्यांनी जाऊ नये असंही वाटतं. सकाळी कवळी बसवतो तेव्हा टक् होतं. दिवसभरात घरातला तेवढाच आवाज. शनिवार दुपारचं काय करायचं, मला अजून सुचलेलं नाही.

मॅडम, तुमचे स्वतःचे दात शेवटच्या घासापर्यंत तुमचेच राहोत. गुडघे, डोळे, साखर, सगळं ताब्यात राहो. भरपूर जगा आणि तुमच्या ताटासमोर रोज कुणीतरी बसलेलं असो. माझी काळजी करू नका. पाचोडचे दादा तुमच्या चपला वाजल्या की दात घालायचे. माझ्या फाटकात आता कुणाच्या चपला वाजणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी घालीन. पुढच्या वर्षी फोन करून नव्या डॉक्टरांना विचारा, रिंगा झिजलेल्या असतील.