मशीन म्हणू नका

"गाणं लावत नाही मी, वाजवतो!"

हे तो इतक्या जोरात म्हणायचा की घोड्यावरचा नवरदेवही लगाम धरून सावरून बसायचा. धाड गावच्या आमच्या लग्नाच्या बँडमध्ये मी ढोल बडवायचो आणि हा टर्नटेबल वाजवायचा. फिरत्या तबकडीवर बोटं ठेवून ती मागेपुढे ओढायची, सुईतून कधी चिर्र, कधी गुर्र काढायचं, आणि तेही नेमकं माझ्या ठेक्यात. लोकांना वाटायचं, बिघडलं.

सुलतानपूरच्या एका लग्नात नवरीच्या मामाने काळजीने विचारलं, "सुई अटकली काय हो?"

"सुई नाही मामा, तुमचे कान अटकले!"

त्या दिवशी आम्हाला पंगतीत मठ्ठा मिळाला नाही. तरी खरं सांगतो, त्याचा राग पाहायला मला फार आवडायचं. मुद्दाम काडी टाकायचो, "आज कोणतं गाणं लावतो बे?" आणि दोन पावलं मागे सरायचो. तुम्हीही सरला असता.

साखरखेर्ड्याच्या वरातीत मास्तरांचा दम तुटला. मास्तर म्हणजे बँडचे मालक, क्लॅरनेट त्यांचंच. सूर अर्ध्यावर लोंबकळला. याच्यासमोर सनईची तबकडी होती. ती बोटाने कधी रेटत, कधी आवळत याने तोच सूर पकडला आणि शेवटापर्यंत नेला. मास्तर खोकत होते, वरात नाचत होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे चादरीवर वाद्यं मांडून पूजा होते. याने टर्नटेबल पुसून क्लॅरनेटशेजारी ठेवलं. मास्तरांनी ते उचललं, जनरेटरजवळ नेलं आणि अगदी प्रेमाने त्यावर हळद-कुंकू वाहिलं. "मशीनची पूजा इकडं."

याने बाहीने कुंकू पुसून टाकलं. "साखरखेर्ड्यात मशीननं इज्जत राखली काय तुमची?"

"ज्याले फुंक नाही, कातडं नाही, ते वाद्य नाही, बाबू."

"मंग झांजेले काय आहे?"

सगळे झांजांकडे पाहू लागले. मी म्हणालो, "मास्तर, बरोबर बोलून राह्यला तो."

"तू तुझा ढोल सांभाळ!" मास्तर गरजले.

दुसऱ्या दिवशी तो बँड सोडून संभाजीनगरच्या एसटीत बसला. मी सोडायला गेलो होतो, खिडकीखाली उभा होतो. मांडीवर टर्नटेबल. कंडक्टर म्हणाला, "ते मशीन मागं ठेवा." याच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. मी सवयीने दोन पावलं मागे सरलो, तर मास्तरांवरच आदळलो. ते धापा टाकत आले होते.

"वाद्य आहे ते!" मास्तर कंडक्टरवर ओरडले. "मांडीवरच राहू द्या!"

कंडक्टरने घंटी दिली. बस हलली. हा खिडकीतून अर्धा बाहेर आला, चेहरा लालबुंद.

"हे काल सांगाले काय झालं होतं, मास्तर? काल काऊन नाही सांगितलं?"

बस वळली तरी तो ओरडतच होता. पुन्हा तो धाडला आला नाही. मास्तर धुळीत उभेच राहिले. काही बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण दम पुरला नाही.