संध्याकाळी येणारा वास

ती घटना आठवायला मला फाइल उघडावी लागत नाही. थंडी पडली की ती आपोआप आठवते.

तेव्हा मी डोंबिवलीत नेमणुकीला होतो. एका विधवा बाईंचा तरुण मुलगा बेपत्ता असल्याची नोंद आमच्याकडे होती. आठवडा होत आला होता. बाई पुन्हा पोलीस स्टेशनात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, तो रोज संध्याकाळी घरी येऊन जातो. दिसत नाही, पण त्याच्या सेंटचा वास येतो."

धूर आणि चामडं मिसळल्यासारखं ते महागडं सेंट. उन्हाळ्यात त्याने डोकं उठतं, म्हणून मुलगा ते फक्त थंडीतल्या संध्याकाळी मारत असे.

"मांत्रिक पाठवू का, साहेब?" आमचे हवालदार हसले. त्यांना गप्प केलं आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी स्वतः जाऊन बसलो. बाईंनी रोजच्यासारखा देवापुढे दिवा लावला. कल्याणहून पुतण्या आला. काकीला सोबत म्हणून तो रोज येत असे. थोड्याच वेळात वास आला. विझत्या शेकोटीजवळ कोरी चप्पल ठेवावी तसा. बाई रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "आलास बाळा?" खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला.

निघताना शेजारच्या आजींनी मला जिन्यात गाठलं. "पुतण्या आला की वास येतो हो. तो गेला की जातो."

पुतण्याला चौकशीला बोलावलं. दमदाटीवर माझा विश्वास नाही. चहा पाजला की माणूस बोलतो. "सेंट तूच मारतोस ना?" मी विचारलं.

"आईशप्पथ नाय, साहेब. सुतकात सेंट कोण मारतं?"

बोलला आणि पांढराफटक पडला. भावकीत कोणी गेलं असतं तर काकीलाही सुतक असतं, आणि ती तर रोज देवापुढे दिवा लावत होती. मी कप खाली ठेवला. "कोणाचं सुतक?"

तो ढसाढसा रडायला लागला. दोघे खडवलीला नदीवर गेले होते. एका मुलीवरून भांडण जुंपलं, याने ढकललं, त्याचं डोकं खडकावर आपटलं. प्रेत झुडपात लपवून हा घरी आला आणि गपचूप सुतक पाळू लागला.

त्याने दाखवलेल्या जागी प्रेत मिळालं. जॅकेटच्या खिशात सेंटची बाटली होती, झाकण घट्ट लावलेलं. पुतण्याचे कपडे आम्ही तपासले, त्यांना कसलाही वास नव्हता. त्याला स्वतःला तर काकीच्या घरी तो वास एकदाही आला नव्हता. याचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

एवढं मात्र शिकलो. कायदा मोडताना मागेपुढे न पाहणारा माणूस घरची रीत मोडायला कचरतो. पुढे अनेक तपासांत मी संशयितापेक्षा त्याच्या घरातल्या रीतीभातींकडे जास्त लक्ष दिलं.

बातमी सांगायला मीच गेलो. बाई रडल्या नाहीत. देव्हाऱ्याकडे बघत म्हणाल्या,

"साहेब, सुतक कधीपासून धरायचं? तो गेला तेव्हापासून, की आजपासून?"