धनाजीरावांचा रुमाल

धनाजीराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. बडोद्यात उरलेसुरले पियानो सुरात लावायचं काम तेच करत. त्यातला त्यांचा सगळ्यात लाडका पियानो सुभानपुऱ्यात, अहल्याबाईंच्या दिवाणखान्यात होता.

एके काळी बाई आमच्या नाटक कंपनीच्या नायिका आणि मी नायक. बाईंनी सूर लावला की शेवटच्या रांगेतला माणूस तोंडातलं पान चघळायचं विसरे. कंपनी मोडली, तरी त्या दर गुरुवारी पियानोपाशी बसून गात, आणि गात त्या तरुणपणीच्याच पट्टीत, काळी दोनमध्ये. "खाली उतरावं लागलं की त्या दिवसापासून गाणं बंद," असं त्या आल्यागेल्याला बजावून सांगत. सत्तरी जवळ आली तरी बोलणं तेच.

धनाजीराव आधी कानानंच पियानो लावायचे. मग जावयानं परदेशातून एक विजेचं यंत्र पाठवलं. जेवणाच्या डब्याएवढं, वर लाल दिव्यांची रांग. तार वाजली की दिवे पळू लागत. किल्लीनं खुंटी पिळत आणली की ते हळूहळू थबकत. थबकले म्हणजे तार जागेवर आली. इथवर मला काही खुपलं नाही. पण काम सुरू करण्याआधी धनाजीराव बाजूचं एक बटण फिरवत आणि त्यावर लगेच रुमाल टाकत.

हातचलाखी रंगमंचावर खूप पाहिली होती मी.

"रुमाल कशाला, धनाजीराव?"

"धूळ बसते, बुवा."

"बंद खोलीत?"

"बडोद्याची धूळ आहे. तिला दार लागत नाही."

यांचे कान गेले असावेत आणि हे यंत्राआड लपत असावेत, असं मनाशी धरून मी गप्प बसलो. म्हाताऱ्या माणसाची उघड चौकशी करणं बरं दिसेना. पुढं बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला गाणं ठरलं, साथीला मी पेटी वाजवणार होतो. आदल्या दिवशी पेटी घेऊन गेलो. बाई लहरीपुऱ्यात खरेदीला गेल्या होत्या. मी पेटीवर काळी दोन दाबली, पियानोवरही तीच. दोन्ही सूर एकमेकांवर गुरगुरले. पियानो बरोबर एका पट्टीनं खाली होता.

तडक प्रतापनगर गाठलं. धनाजीराव ओट्यावर भाजी निवडत होते.

"तुमच्या यंत्रानं पियानो बिघडवला," मी म्हटलं.

"बिघडला नाही. मी उतरवलाय."

"बाईंना न विचारता?"

"विचारलं असतं तर गाणं थांबलं असतं." त्यांनी भाजीची टोपली बाजूला सारली. "वरच्या सुराला बाईंच्या मानेची शीर तटतटायची. मला बघवेना. दर दिवाळीला केसभर उतरवत आणला. कानानं उतरवला असता तर एखादी तार मागं राहिली असती, बाईंनी तिथंच पकडलं असतं. हे यंत्र सगळ्या तारांना सारखं खाली आणतं. किती खाली ते त्या बटणावर ठरतं, म्हणून त्यावर रुमाल."

"आणि उद्या माझी पेटी?"

"तिचं मला सुचलं नाही, बुवा. तुम्ही नट आहात. बघा काही जमलं तर."

दुसऱ्या दिवशी दिवाणखाना भरला. मी पेटीवर शाल पांघरली, बोटं शालीखाली घातली आणि एक पट्टी खाली, पांढरी दोन धरली. बाईंनी पियानोवर काळी दोन दाबली. दोन्ही सूर एक झाले. कोपऱ्यात धनाजीरावांनी मान खाली घातली.

"पेटीला थंडी वाजते का हो?" बाईंनी विचारलं.

"धूळ बसते," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे. "हल्ली धूळ फारच वाढलीय," म्हणाल्या, आणि गायला लागल्या. वरच्या सुरावर त्या आरामात थांबल्या, पूर्वी थांबत तशा. लोक पान चघळायचं विसरले.

त्यानंतर पेटी मी तिकडे नेली नाही. गुरुवारचं गाणं मात्र चालूच राहिलं. दिवाळीआधी धनाजीराव यंत्र घेऊन आले की बाई आपणहून चहा टाकायला आत जात, आणि स्वयंपाकघराच्या दारातून त्या रुमालाकडे डोळे बारीक करून बघत राहत.