इस्त्रीवालीची थोरली

इस्त्रीवालीची थोरली लेक डॉक्टरांच्या घरी कपडे पोचवायची आणि दारातूनच परतायची. डॉक्टरांची मुलगी तिच्याच वर्गात, दहावीत होती. एकदा ती स्वतःच युनिफॉर्म घेऊन दुकानात आली, तासभर रेंगाळली आणि मग रोजच येऊ लागली.

एका संध्याकाळी आईने दोघींना हातात हात घेऊन उभं असलेलं पाहिलं. डॉक्टरांची मुलगी गेल्यावर आई थोरलीला म्हणाली, "मोठ्या घरची आहे ती. जपून."

"मोठ्या घरची म्हणून, की मुलगी म्हणून?" थोरलीने धीर करून विचारलं. "मला ती आवडते, आई."

आईने इस्त्री उभी केली. "दोन्ही म्हणून. लोक तुलाच बोलतील, तिला नाही." मग पुढचा शर्ट पसरत म्हणाली, "उद्या तिला उभं ठेवू नकोस. आतली खुर्ची काढ."

दुसऱ्या दिवशी दोघी एकाच खुर्चीवर दाटीवाटीने बसल्या, आणि आई पाठमोरी उभी राहून शर्टांच्या घड्या घालत राहिली.