डॉक्टरांच्या कोटावरचा बिल्ला

बोईसरच्या धर्मादाय दवाखान्यात एकाहत्तर साली एक्स-रेचं यंत्र आलं, तेव्हा फोटोत उभं राहायला ही झुंबड उडाली होती. मध्यभागी अध्यक्ष नरहरीशेठ, उजव्या हाताला डॉक्टर, आणि बाकीचे विश्वस्त एकमेकांचे पाय तुडवत. मागे काचेच्या कपाटात शिशाचा एप्रन टांगलेला, त्यावर शेठच्या वडिलांच्या नावाची पितळी पट्टी. किरणं अंगात शिरू नयेत म्हणून तो घालायचा असतो, असं देणगीच्या पत्रकात छापलंही होतं. पुढच्या चौदा वर्षांत तो कुणाच्या अंगाला लागला नाही. वापरून देणगी मळली असती ना!

यंत्र पुसून जी बाई फोटोतून बाजूला झाली, ती भागी, बेटेगावची. लागली आया म्हणून, पण तिचं खरं काम धरण्याचं. हात मोडलेलं पोर, खोकून वाकलेला म्हातारा, कारखान्यात पाय चेंगरलेला कामगार, यातलं कोण यंत्रासमोर स्थिर राहतंय? मग भागीने दोन्ही हातांनी गच्च धरायचं आणि म्हणायचं, "दम कोंड रं बाबा, हलू नको." तेवढ्यात नगरकडचा पंढरी, म्हणजे यंत्र चालवणारा, भिंतीआड पळून बटण दाबायचा. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि आपल्या भित्रेपणाला तो शिस्त म्हणायचा.

हळूहळू भागीच्या बोटांची कातडी भेगाळली. नखं काळी पडून उभी चिरली. भाताच्या आवणीच्या दिवसांत चिखलात हात घातला की नुसती आग व्हायची. डॉक्टरांनी ती बोटं टेबलापलीकडूनच पाहिली आणि साबण बदलायला सांगितलं. एवढं शिकून हे शहाणपण!

भागी शाळेत गेली नव्हती, पण आंधळीही नव्हती. एकदा तिने सरळच विचारलं, "पंढरीभाऊ, काय होत नाय, तर तुमी पळतां कशाला?"

पंढरी ओशाळला. मग त्याने तिला बिल्ल्याचं सांगितलं. छातीला लावायचा एवढासा बिल्ला, आत फिल्मचा तुकडा. अंगावर किती किरणं पडली ते त्या फिल्मवर उमटतं. दर तीन महिन्यांनी तो मुंबईला जातो आणि तिकडून अहवाल येतो.

दवाखान्यात बिल्ला एकच होता आणि तो लावलेला होता डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाला. डॉक्टर एक्स-रेच्या खोलीत पाऊल टाकत नसत. कोटसुद्धा मोठे पाहुणे आले तरच अंगात चढायचा, एरवी केबिनमधल्या खुंटीवर. त्यामुळे अहवाल दरवेळी स्वच्छ यायचा. शेठ तो चौकट करून भिंतीवर लावायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून दाखवायचे. खुंटीला किरणं लागत नाहीत, यात कसलं आलंय कर्तृत्व?

भागीने हेही गिळलं असतं. पण एक दिवस शेठ नाक मुरडून म्हणाले, "भागे, तुझे हात बघून पेशंटला किळस येते. दिवाळीनंतर तुझ्या सुनेला पाठव. धरायचंच तर काम आहे."

सून म्हणजे नवसी. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते, तिसरा महिना होता. किरणं जर माझ्या नखांत शिरतात, तर त्या पोटात शिरायला त्यांना कोण अडवणार? पण आयाचं बोलणं ऐकतंय कोण! कागद बोलला तरच हे लोक ऐकतात, एवढं तिला चौदा वर्षांत कळलं होतं.

त्याच संध्याकाळी कोट झटकताना तिने बिल्ला काढला आणि पदराआड चोळीला लावला. तीन महिने तो तिच्या अंगावर होता. डॉक्टरांच्या ते लक्षातही आलं नाही. मुंबईला पाठवायचा दिवस आला, तेव्हा तिने तो मुकाट्याने कोटावर परत लावून ठेवला.

या खेपेला चौकटीत लावण्यासारखा अहवाल आला नाही. पंढरीने पत्र वाचलं आणि तसाच तो डॉक्टरांच्या केबिनकडे धावला. हा बिल्ला ज्या व्यक्तीच्या अंगावर होता तिला ताबडतोब या कामावरून दूर करा, असं लिहिलं होतं.

दवाखान्यात एकच धावपळ उडाली. विश्वस्तांची बैठक भरली. डॉक्टरांना दीड महिन्याची विश्रांती, रोज दूध-अंडी, आणि जिवावर उदार होऊन केलेल्या सेवेबद्दल जाहीर सत्कार! ज्या खोलीत ते कधी गेले नाहीत, त्या खोलीने त्यांना शहीद करून टाकलं होतं. सत्काराला डॉक्टरही खांदे पाडून बसले. शालीखाली त्यांना खरोखरच अशक्तपणा वाटू लागला होता.

नारळ हातात पडतोय तेवढ्यात भागी मागून उठली. "बिल्ला माझे आंगावर होता," ती म्हणाली. "तीन महिने. डाक्तर नाय, मी धरतंय लोकांना."

शेठ उसळले. "म्हणजे चोरी केलीस! अडाणी बाईने लावला म्हटल्यावर बिल्ला बिघडणारच. अगं, काही होत नाही त्या किरणांनी. नुसता उजेड असतो तो."

पत्र फाइलीत गेलं. नवा बिल्ला मागवून पुन्हा कोटावर लागला. शाल मात्र डॉक्टरांनी परत केली नाही. आणि भागीला सांगण्यात आलं की सोमवारपासून नवसी येणार असेल तर ठीक, नाहीतर दोघींनीही येऊ नये. घरात दुसरी मिळकत नव्हती. नवसी सोमवारी आली. भागीही तिच्यासोबत आली, कुणी बोलावलं नसताना.

त्या दिवशी पहिली पेशंट शेठची आईच निघाली. न्हाणीत घसरून पडली होती, खुबा मोडल्याचा संशय होता, म्हणून आज डॉक्टरही दारापर्यंत आले होते. म्हातारी टेबलावर वेदनेने थरथरत होती. पंढरी म्हणाला, "धरल्याशिवाय फोटो येणार नाही." शेठने वर न पाहताच सांगितलं, "नवसी, धर."

नवसी पुढे झाली. भागी दोघींच्या मध्ये उभी राहिली.

"ती नाय धरायची. मीपण नाय. नुसता उजेड हाय ना, शेठ? तुमची आय हाय, तुमीच धरा."

म्हातारी कण्हत होती आणि मुलाचा हात शोधत होती. शेठने इकडेतिकडे पाहिलं. पंढरी केव्हाच भिंतीपाशी सरकला होता. शेठने आईचा हात धरला, लगेच सोडला, आणि ते म्हणाले, "डॉक्टर, तो कपाटातला एप्रन आणा."

पितळी पट्टीसकट एप्रन आला. नाड्या डॉक्टरांनी बांधल्या. त्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं हे पहिलं काम.

"उजेडाला भितां काय, शेठ?" भागीने विचारलं. शेठने आईचा हात पुन्हा धरला.

फोटो झाला. शेठने एप्रन टेबलावर टाकला आणि आईच्या मागोमाग निघून गेले. डॉक्टरांनी तो उचलायच्या आत भागीने उचलला. "जा घरा," ती नवसीला म्हणाली, "आन परत हिकडं येव नको." नवसी गेली. एप्रन मागायची डॉक्टरांची हिंमत झाली नाही.

पुढच्या पेशंटला धरायला भागीने तो गळ्यात घातला आणि पाठीमागे हात नेऊन नाड्या चाचपू लागली. नाड्या हाताला लागत होत्या, पण भेगाळलेल्या बोटांना गाठ मारता येईना. शेवटी पंढरी भिंतीआडून बाहेर आला आणि खाली मान घालून त्याने ती मारून दिली.