स्वल्प म्हणजे किती

'अंदाजे' हा शब्द ज्याच्या तोंडून कधी निघाला नाही असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू निघावा हा माझ्या पत्रिकेतला योग. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा हे नातं तसं हलकं असतं. वर्षातून चार जेवणं आणि एखादं लग्न, एवढ्यावर निभावतं. आमचं तसं झालं नाही. साडूभाऊंनी बंगळुरूच्या एका सरकारी कारखान्याच्या मापन विभागात चौतीस वर्षं काढली. इतरांनी घडवलेला सुटा भाग बरोबर आहे की नाही हे मायक्रॉनमध्ये सांगायचं, हे त्यांचं काम. ते काम त्यांनी घरी आणलं आणि निवृत्तीनंतर परत नेलंच नाही. चहात किती साखर घालू असं कोणी विचारलं तर ते आधी चमचा दाखवायला सांगत. 'पाचेक मिनिटांत पोचतो' असा पाहुण्याचा फोन आला की घड्याळासमोर बसत, आणि सातव्या मिनिटाला आलेल्या त्या गरिबाला दारातच, अजिबात न रागावता, दोन मिनिटं उशीर झाल्याचं सांगत. 'पाचेक'मधला तो 'एक' त्यांना मंजूर नव्हता.

असा माणूस साठीनंतर गोल्फकडे वळला, कारण कारखान्याच्या वसाहतीमागे नऊ होलचं एक मैदान होतं आणि निवृत्तांना तिथे खेळायची मुभा होती. या खेळात हँडिकॅप नावाचा एक आकडा असतो. तो जितका मोठा तितका खेळाडू कच्चा. साडूभाऊंचा आकडा अठ्ठावीस होता आणि तो तिथून हलायला तयार नव्हता. लांबचे फटके त्यांना कधी जमले नाहीत आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. चेंडू निलगिरीच्या झाडीत गेला की शांतपणे खिशातून दुसरा काढत. लांबच्या फटक्यात वारा येतो, नशीब येतं, त्याला आपण काय करणार, असं म्हणत. पण ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू पटर नावाच्या काठीने हळूच ढकलून आत घालायचा, यात फक्त माप आहे, आणि मापात आपण चुकतो हे त्यांना सोसत नसे. एक पट जवळ न्यायला, दुसरा आत घालायला; तिसरा मारावा लागला तर ती नामुष्की. नऊच्या नऊ होल एकही तिसरा पट न मारता संपवायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. नऊ वर्षांत ती एकदाही पुरी झाली नव्हती.

त्यासाठी घरात जे चाले त्याला सराव म्हणणं अपुरं आहे. दिवाणखान्याच्या एका टोकाला स्टीलचं फुलपात्र आडवं ठेवलेलं असे. चेंडू आदल्या दिवशीच डब्यातून काढून टीपॉयवर मांडलेले, कारण मापाआधी वस्तू खोलीच्या तापमानाला यावी लागते. रोज सकाळी चाळीस पट. आत गेला की 'ठण्' असा आवाज येई, आणि ताई, म्हणजे माझी मेव्हणी, स्वयंपाकघरात त्या ठणठणाटावर पोळ्या लाटत. माझ्या एचएसआर लेआउटमधल्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला ते खिशात चेंडू घेऊनच आले. होम चालू असताना त्यांनी तो हळूच फरशीवर ठेवला. चेंडू थोडा वेळ विचारात पडला आणि मग निघाला तो गुरुजींच्या पळीपंचपात्राला जाऊन लागला. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. साडूभाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आग्नेयेकडे उतार आहे. मीटरला दोन मिलिमीटर. बिल्डरला कळवा." बिल्डरला मी कळवलं नाही, पण तेव्हापासून त्या हॉलमधून चालताना मला तो उतार पायांना जाणवतो.

त्यांच्या पटिंगचा खरा घोटाळा मात्र एका शब्दाने केला. त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी मुनियप्पा हा साठीला टेकलेला, त्याच मैदानावर केस पिकवलेला माणूस. चेंडू भोकाशी पोचताना कुठे वळेल हे तो ग्रीनकडे नुसतं बघून सांगे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "सार, स्वल्प लेफ्ट." आता स्वल्प हा शब्द आपल्याकडेही आहे, पण तो पुस्तकात राहतो, स्वल्पविरामात राहतो, त्याचा अर्थ अगदी जरासं, नखाएवढं. कन्नडात तो रस्त्यावर हिंडतो आणि त्याला धरबंध नाही. रिक्षावाल्याचं 'स्वल्प दूर' पार शहराच्या टोकाच्या महादेवपुऱ्यापर्यंत जातं, आणि दुकानदाराच्या 'स्वल्प थांबा'मध्ये एखादं जेवण उरकून येता येतं. चौतीस वर्षं या गावात काढलेल्या साडूभाऊंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण जिथे मापाचा मामला आहे तिथे माणूस शब्द शुद्धच वापरणार, अशी त्यांची भाबडी खात्री होती. तेव्हा ते नखभर डावीकडे धरून मारत राहिले आणि आठ महिने चेंडू भोकाच्या उजवीकडून निघून जात राहिला. शेवटी त्यांनी मुनियप्पाला गाठून विचारलं, "स्वल्प अंदरे एष्टु?" स्वल्प म्हणजे किती? मुनियप्पाने बराच विचार केला आणि उत्तर दिलं, "स्वल्प अंदरे स्वल्प, सार."

दुसरा कोणी असता तर हसून सोडून देता. साडूभाऊंनी टेप आणली. मुनियप्पा स्वल्प म्हणाला की त्याला बोट ठेवायला लावत आणि ते अंतर मोजून वहीत लिहीत. तिसऱ्या ग्रीनवर सकाळी चार बोटं, त्याच ग्रीनवर दव वाळल्यावर एक वीत, सातव्यावर एकदा चक्क हातभर. सहा महिन्यांनी वही भरली तेव्हा ते, मापात चालवून घ्यायच्या चुकीला कारखान्यात जो शब्द आहे तो वापरून, मला खिन्नपणे म्हणाले, "माणूस उत्तम आहे हो, पण टॉलरन्स फार मोठा."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मित्रामित्रांच्या खेळात चेंडू भोकापासून वीतभर राहिला की जोडीदार 'दिलं' म्हणतो. मग तो पट मारायचा नाही, आत गेला असं धरून चेंडू उचलायचा. सगळे घेतात, मी तर मागून घेतो. साडूभाऊंनी नऊ वर्षांत एकदाही घेतलं नाही. कोणी 'दिलं' म्हटलं की ते मान हलवून चेंडूशी उभे राहत आणि मारत, आणि वीतभरावरून पुष्कळदा चुकत. न मोजलेला भाग पास करायचा नसतो, एवढंच त्यावर त्यांचं स्पष्टीकरण होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी पटर बदलायला सुरुवात केली. जाड मुठीचा, मग लांब दांड्याचा, मग उजवा हात खाली, मग डावा. पटिंग सुधारायला हवं, काहीतरी गडबड आहे, असं ते सारखं म्हणत. आम्ही सगळ्यांनी त्यावर भरपूर विनोद केले, त्यात माझा वाटा मोठा होता. मग एका दुपारी ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या की ह्यांच्याबरोबर दर रविवारी जात जा. शर्टाची बटणं लावायला वीस मिनिटं लागतात, चहा बशीत सांडतो, आणि कोणी पाहिलेलं त्यांना चालत नाही. उजवा हात थरथरायला लागला होता. ज्या हाताखालून चौतीस वर्षं मायक्रॉन गेले तोच हात. पटिंग बिघडलंय असं तो माणूस सांगत होता आणि आम्ही हसत होतो. मला माझी लाज वाटली.

डॉक्टरांचं त्यांनी मला स्वतःच सांगितलं, गाडीत, समोर रस्त्याकडे बघत. तपासून डॉक्टर म्हणाले होते, "स्वल्प ट्रेमर इदे," म्हणजे स्वल्प कंप आहे. साडूभाऊंनी साहजिकच विचारलं, स्वल्प म्हणजे किती. डॉक्टर म्हणाले आज स्वल्प, पुढच्या वर्षी बघू. मग म्हणाले, "मुनियप्पा बरा. तो निदान बोट ठेवतो."

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी तो दिवस आला. आठ होल झाले आणि तिसरा पट एकदाही लागला नव्हता. नवव्या ग्रीनवर त्यांचा पहिला पट भोकापासून वीतभरावर थांबला. आता हा एक गेला की झालं. निघताना ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, शेवटचा जवळ आला तर देऊन टाका, त्यांना बरं वाटेल. शब्द माझ्या ओठांवर आला होता. मुनियप्पाही माझ्याकडेच बघत होता. पण मला तो म्हणवेना. नऊ वर्षं ज्याने दिलेलं घेतलं नाही त्याला आज मी दिलं तर ते मी त्याला नाही, त्याच्या थरथरत्या हाताला दिलं असतं, आणि ते त्याला कळलं असतं. मुनियप्पा खाली वाकला, रेघ बघितली आणि हलकेच म्हणाला, "नेरा, सार. स्वल्पानू बेडा." सरळ मारा, स्वल्पसुद्धा नको.

साडूभाऊ बराच वेळ उभे राहिले. पटरचं टोक गवतावर थरथरत होतं, ते थांबायची वाट बघत असावेत. ते थांबलं नाही. त्यांनी मारला. चेंडू भोकाच्या काठाला लागला, अर्धा फेरा घेतला आणि पलीकडे तेवढ्याच अंतरावर जाऊन राहिला. तिसरा पट त्यांनी नीट आत घातला, कार्ड काढलं आणि वाकड्यातिकड्या रेघांत पटच्या रकान्यात स्वतःच तीनचा आकडा लिहिला. गाडीकडे जाताना म्हणाले, "तुमच्या तोंडावर आलं होतं, मी पाहिलं. म्हणाला नाहीत, उपकार झाले."

त्यानंतर ते मैदानावर गेले नाहीत. मुनियप्पाला त्यांनी वही देऊन टाकली. त्याला मराठी येत नाही, तरी त्याने ती पिशवीत जपून ठेवली आहे. दिवाणखान्यातलं फुलपात्र मात्र जागेवर आहे, फक्त बरंच जवळ आलं आहे. परवा गेलो तेव्हा ते खुर्चीत बसून पट मारत होते. चेंडू टीपॉयवर मांडलेले, तापमानाला आलेले. एक मारला. ठण् झालं नाही. ताईंचं लाटणं थांबलं.

"किती राहिला हो?" ताईंनी आतून विचारलं.

चेंडू फुलपात्रापासून चांगला हातभर अलीकडे थांबला होता. टेप तिथेच, त्यांच्या हाताशी होती. साडूभाऊंनी चेंडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"स्वल्प," ते म्हणाले.

"मग दिलं," ताई म्हणाल्या, आणि लाटणं पुन्हा सुरू झालं.

साडूभाऊंनी मला चेंडू उचलायची खूण केली. मी उचलला.